बाहेरची चिठ्ठी

शहरातील कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या फाटकासमोर सकाळी अर्धा तास उभे राहावे. हातात कागदाचा लहानसा कपटा घेऊन लगबगीने बाहेर येणारी आणि रस्ता ओलांडून समोरच्या औषधांच्या दुकानाकडे वळणारी माणसे दृष्टीस पडल्यावाचून राहत नाहीत. त्या कपट्यावर कधी एखादे प्रतिजैविक लिहिलेले असते, कधी सलाईनची नळी, कधी शस्त्रक्रियेचा धागा, तर कधी नुसते हातमोजे. यालाच ‘बाहेरची चिठ्ठी’ म्हणतात. रुग्णालय शासनाचे किंवा महापालिकेचे, डॉक्टर सरकारी, खाट जवळजवळ फुकट. आणि ज्या औषधासाठी रोगी तेथे आला ते औषध मात्र बाहेरचे! सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेवर लिहिल्या गेलेल्या सर्व अहवालांचा सारांश या एका कपट्यावर मावतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काही दिवसांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. वृत्तपत्राच्या धंद्यात पडण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो, त्या काळातला हा मुलगा. आज तो रिक्षा चालवितो. त्याची आई अकरा दिवस एका सार्वजनिक रुग्णालयात होती. आता ती बरी आहे. त्याने प्लास्टिकच्या एका पिशवीतून सतरा चिठ्ठ्या काढून आमच्या टेबलावर मांडल्या. त्याला मदत नको होती, की डॉक्टरांविरुद्ध तक्रार करावयाची नव्हती. उलट डॉक्टरांनी जीव ओतून काम केले, असेच तो सांगत होता. त्याचा प्रश्न एवढाच होता : “सर, यांतली कोणती औषधं खरंच तिथे नव्हती, आणि नव्हती तर का नव्हती, हे विचारायचं कोणाला?” आम्ही त्यास उत्तर देऊ शकलो नाही. हा अग्रलेख त्या प्रश्नासाठी आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की, हा प्रश्न गरिबांचा आहे. आपल्यापाशी विमा आहे, खाजगी रुग्णालय आहे. हा समज फसवा आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात, आणि त्यात औषधांचा वाटा फार मोठा असतो. आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, कारखान्यातील कंत्राटी कामगार यांच्या घरातील एका आजारपणाने वर्षाची बचत जाते आणि सावकार दारात येतो. शिवाय साथीचा रोग वस्ती पाहून येत नाही. सार्वजनिक रुग्णालयात अर्धवट राहिलेला उपचार हा सबंध शहराच्या डोक्यावरचा धोका असतो, याचा दाखला पुढे येईलच.

उणीव कशाची?

औषधे मिळत नाहीत म्हटल्यावर पहिली शंका येते ती टंचाईची. पण देशात औषधांची टंचाई आहे काय? जगाला लागणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी सुमारे २० टक्के औषधे भारत पुरवितो, असे आपले सरकारच अभिमानाने सांगते, आणि त्या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मग उणीव पैशाची आहे काय? मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या श्रीमंत महापालिकेच्या रुग्णालयात हातमोजे बाहेरून आणावे लागत असतील, तर दोष केवळ तिजोरीचा असू शकत नाही. औषध देशात आहे, पैसा अंदाजपत्रकात आहे, रोगी खाटेवर आहे; हे तिघे वेळेवर एकत्र येत नाहीत, हे खरे दुखणे आहे. उणीव आहे ती वेळेची, आणि वेळेबद्दल जबाबदार असलेल्या माणसाची.

एखादी साधी गोळी रुग्णालयाच्या भांडारात कशी येते, हे सामान्य नागरिकास ठाऊक नसते. आधी प्रत्येक विभाग आपली वार्षिक मागणी कळवितो. ती बहुधा गेल्या वर्षीच्या आकड्यावर थोडी वाढ धरून केलेली असते. सगळ्या रुग्णालयांच्या मागण्या एकत्र करून प्रशासकीय मान्यतेसाठी जातात. मान्यता मिळाली की निविदा निघते. तिला पुरेसे प्रतिसाद आले नाहीत तर मुदतवाढ, तरीही न आले तर फेरनिविदा. प्रतिसाद आले तर तांत्रिक छाननी, मग दरांची छाननी, मग हरलेल्या निविदाकाराचा आक्षेप, क्वचित न्यायालय. त्यानंतर दरकरार, त्यानंतर पुरवठा आदेश, त्यानंतर कंपनीने माल पाठवावयाची मुदत, त्यानंतर नमुन्यांची तपासणी, आणि अखेरीस वाटप. यातील एकही पायरी निरर्थक नाही. सार्वजनिक पैशाच्या खरेदीत तपासणी हवी, स्पर्धा हवी, नोंद हवी. परंतु प्रत्येक पायरीवर पंधरा दिवस जास्त गेले, तर दरकरार हाती येईपर्यंत ज्या वर्षासाठी मागणी केली ते वर्ष सरत आलेले असते. जुना करार संपला आणि नवा झाला नाही, या मधल्या पोकळीतच बाहेरची चिठ्ठी जन्माला येते.

या साखळीतील कोणाही अधिकाऱ्यास विचारा. तो आपल्या टेबलावरचे काम नियमानुसार केल्याचे दाखवून देईल, आणि ते बहुधा खरेही असेल. संपूर्ण साखळीस किती दिवस लागले, याचा जाब मात्र कोणालाच द्यावा लागत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, आपल्या कारभारात खरेदी केल्याबद्दल चौकशी होते, न केल्याबद्दल होत नाही. चढ्या दराने औषध घेणाऱ्या अधिकाऱ्यामागे लेखापरीक्षण लागते. फाइल चार महिने दाबून ठेवणाऱ्यामागे काहीच लागत नाही. अशा स्थितीत शहाणा अधिकारी काय करील? तो आणखी एक शेरा मारून फाइल पुढच्या टेबलाकडे सरकवील. विलंबाची किंमत त्याच्या पगारातून जात नाही. ती रिक्षावाल्याच्या सतरा चिठ्ठ्यांतून वसूल होते.

यंत्रणा बदलल्या, दुखणे राहिले

राज्य शासनाने या प्रश्नावर उपाय केले नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. पूर्वी निरनिराळे विभाग आपापली खरेदी करीत आणि त्या खरेदीविषयी गैरव्यवहाराचे आरोप होत. म्हणून २०१७ साली औषधे व उपकरणे यांची खरेदी एकत्रितपणे हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. हाफकिन हे नाव मुंबईकरांना परके नाही. प्लेगने शहर ओस पडत असता, ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. एका संपूर्ण नव्या लसीस जेमतेम तीन महिने लागले. त्याच नावाच्या संस्थेवर सव्वाशे वर्षांनी नेहमीची औषधे वेळेवर पुरविली नाहीत असा ठपका यावा, हे दुर्दैव होय. पण दोष सर्वस्वी तिचा नव्हता. लस बनविणे आणि हजारो प्रकारच्या वस्तूंची निविदा काढणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारी माणसे, गोदामे आणि अनुभव यांची तरतूद न करताच ते काम तिच्या गळ्यात बांधले गेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातलाच हा प्रकार झाला.

पुढे २०२३ साली विधिमंडळाने कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. कायदा झाला, तरी प्राधिकरणाचे पाय जमिनीस लागण्यापूर्वीच नांदेडची घटना घडली. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे शासनाने सांगितले. बाहेरून औषधे आणावी लागली, असे काही नातेवाइकांनी सांगितले. त्या मृत्यूंस अनेक कारणे होती आणि त्यांचे खापर केवळ औषधांवर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु आम्हांस अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळीच. औषध होते की नव्हते, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, मतभेदाचा नव्हे. त्याचे उत्तर भांडाराच्या वहीत एका दृष्टिक्षेपात मिळावयास हवे होते. एवढा भीषण प्रसंग घडूनही त्या साध्या प्रश्नावर शासन आणि जनता यांनी दोन उत्तरे द्यावीत, यातच कारभाराची परीक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, आणि प्राधिकरणास पूर्णवेळ प्रमुख हवा हा मुद्दाही तेथेच ऐरणीवर आला. जी गोष्ट मंत्रालयात सुचावयास हवी होती ती न्यायालयास सांगावी लागली.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. निर्णय स्तुत्य होता. परंतु शुल्क माफ झाले की गर्दी वाढणार, आणि गर्दी वाढली की औषध लवकर संपणार, हा हिशेब चौथीच्या मुलासही मांडता यावा. माफीचा आदेश एका दिवसात निघतो. वाढीव औषधाची खरेदी त्याच्या मागून, आपल्या नेहमीच्या चालीने येते. घोषणा पुढे आणि भांडार मागे, हा आपल्याकडील लोककल्याणाचा रिवाजच झाला आहे. मुंबई महापालिकेनेही बाहेरच्या चिठ्ठ्या बंद करण्याचे ‘शून्य चिठ्ठी’ धोरण जाहीर केले. आणि जानेवारी २०२५ मध्ये, बिले थकली म्हणून औषध पुरवठादारांनी महापालिका रुग्णालयांचा पुरवठा रोखण्याचे पाऊल उचलले. पुरवठादार धर्मादाय संस्था नव्हेत. ज्या गिऱ्हाइकाकडून पैसे केव्हा मिळतील याचा भरवसा नाही त्यास कोणताही व्यापारी एक तर चढा भाव सांगतो किंवा मालच देत नाही. पुढच्या निविदेस प्रतिसाद का येत नाही, याचे उत्तर मागच्या थकलेल्या बिलात असते.

घाई ही दिरंगाईचीच मुलगी

औषधाच्या बाबतीत उशीर म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रोग्यांवर प्राझोसिन नावाच्या साध्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. ती गोळी स्वस्त आहे. पण ती वेळेवर जवळ असली तरच तिची किंमत. क्षयाचे उदाहरण याहून गंभीर आहे. या रोगाच्या उपचारात निदान सहा महिने खंड पडता कामा नये. खंड पडला की जंतू औषधास दाद देईनासे होतात. २०१२ साली मुंबईच्या डॉक्टरांनी जवळजवळ कोणत्याही औषधास न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी जगाच्या नजरेस आणले. हे ठाऊक असताही २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राची क्षयाची औषधे अपुरी पडली आणि राज्यांनी तूर्त ती स्थानिक पातळीवर विकत घ्यावीत, असे केंद्राला कळवावे लागले. रोग्याने गोळी चुकविली तर आपण त्यास बेजबाबदार म्हणतो, आरोग्यसेविका त्याच्या दारी जाते. सरकारने चुकविली तर कोणी कोणाच्या दारी जावे?

“मग निविदांचे सोपस्कार टाकून द्या आणि रुग्णालयांना हवे ते बाजारातून घेऊ द्या,” असे काहीजण उतावळेपणाने सुचवितात. त्यांनी १९८६ साल आठवावे. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल या विषाची भेसळ असलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले आणि १४ रोगी प्राणास मुकले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तेथून मंत्र्यांच्या दालनापर्यंत सर्वांची लक्तरे वेशीवर टांगली. ही गोष्ट इतिहासजमा झाली म्हणावे, तर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांच्या आरोपपत्रातून उघड झाले की, सरकारी रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर व स्टार्च होते. आणि २०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे वीसहून अधिक बालके ज्या खोकल्याच्या औषधाने दगावली त्यातही तेच जुने डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. ते औषध खाजगी बाजारातले होते. पण न तपासलेल्या बाटलीस सरकारी आणि खाजगी असा भेद ठाऊक नसतो.

तेव्हा प्रश्न वेग की दक्षता, असा नाही. वर्षभर फाइल रेंगाळते, साथ येते, वृत्तपत्रे ओरडतात, आणि मग आठ दिवसांत मिळेल तेथून, मिळेल त्या दराने माल उचलला जातो. त्या गर्दीत तपासणीस वेळ राहत नाही, आणि याच क्षणाची वाट पाहणारे व्यापारी असतात. घाई ही दिरंगाईचीच मुलगी होय. ज्यास भ्रष्टाचार टाळावयाचा आहे त्याने प्रथम उशीर टाळला पाहिजे.

जे इतरांस जमले

हे अशक्य आहे काय? तमिळनाडूने १९९४ साली याच कामासाठी स्वतंत्र महामंडळ काढले. त्याची रीत साधी आहे. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, त्यांत काही महिने पुरेल एवढा साठा, प्रत्येक तुकडीचा नमुना तपासल्याखेरीज वाटप नाही, आणि प्रत्येक रुग्णालयास बँकेसारखे एक पासबुक, ज्यात त्याच्या वाट्याची रक्कम आणि उचललेले औषध यांची नोंद होते. खरेदी केंद्रात, पण काय व किती उचलावयाचे हा निर्णय रुग्णालयाचा. केंद्रीकरण की विकेंद्रीकरण या वादात आपण वर्षे घालविली. तेथे दोहोंतील चांगले ते घेतले गेले. २०११ मध्ये राजस्थाननेही महामंडळ स्थापून गांधीजयंतीपासून मोफत औषधयोजना सुरू केली. या राज्यांत तुटवड्याच्या तक्रारी मुळीच येत नाहीत, असा आमचा दावा नाही. पण तेथे तुटवडा हा अपवाद मानला जातो आणि त्याचे कारण विचारता येते.

आमच्याकडेही साठ्याची नोंद ठेवणारी ‘ई-औषधी’ ही संगणकप्रणाली आहे. ती अधिकाऱ्यांच्या पडद्यापुरती न ठेवता रोज सकाळी प्रत्येक रुग्णालयातील आवश्यक औषधांचा साठा जनतेस दिसेल असा लावावा. दरकरार संपण्यापूर्वी निदान तीन महिने नवा करार झालाच पाहिजे, आणि न झाल्यास कोणत्या टेबलावर किती दिवस गेले ते प्रसिद्ध व्हावे. पुरवठादाराचे बिल ठराविक दिवसांत चुकते व्हावे. तातडीच्या स्थानिक खरेदीची मुभा असावी, पण तिचे दर त्याच दिवशी जाहीर व्हावेत. औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा भराव्यात, कारण साठा संगणक मोजत नाही, माणूस मोजतो.

आणि या सर्वांआधी एक अगदी बिनखर्चाची गोष्ट करावी. शाळेत असताना आम्ही रोज पहिल्या तासाला हजेरी घेत असू. मूल तीन दिवस आले नाही की त्याच्या घरी पोस्टकार्ड जाई. गैरहजेरीची नोंद झाल्याने मूल आपोआप शाळेत येत नसे. पण नोंदच नसती तर ते आले नाही हे कोणास कळलेही नसते. रुग्णालयांनी बाहेरच्या चिठ्ठीची अशीच हजेरी घ्यावी. प्रत्येक चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी. एक रोग्याच्या नातेवाइकास द्यावी, दुसरी अधिष्ठात्यांच्या कार्यालयात राहावी. तीवर ते औषध भांडारात का नव्हते याचे कारण एका ओळीत असावे. महिन्याच्या अखेरीस या प्रतींची बेरीज करून रुग्णालयाच्या दारावर लावावी. ज्या दिवशी ही बेरीज आरोग्यमंत्र्यांना विधानसभेत आणि आयुक्तांना महापालिकेत वाचून दाखवावी लागेल, त्या दिवसापासून ती घटू लागेल. आज ती कोणीच करीत नाही. म्हणून कागदोपत्री तुटवडा नसतो आणि फाटकाबाहेर रांग असते.

डॉक्टरांना यात भिण्याचे कारण नाही. औषध नसताना रोग्यासमोर उभे राहण्याची नामुष्की रोज त्यांच्याच वाट्यास येते, नातेवाइकांचा संतापही त्यांच्याच अंगावर येतो. चिठ्ठीची दुसरी प्रत हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा नसून त्यांचे संरक्षण होईल.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका खटल्यात स्पष्ट सांगितले की, तातडीचे वैद्यकीय साहाय्य देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे आणि पैशाची अडचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही. पैशाची सबब जेथे चालत नाही तेथे फाइलीची सबब कशी चालेल? औषध न मिळाल्याने गेलेला रोगी परत येत नाही. पण उद्या जो येणार आहे त्याच्यासाठी औषध आज मागविता येते, आणि ते वेळेवर आले की नाही हे मोजता येते. आमच्या विद्यार्थ्याने त्या सतरा चिठ्ठ्या घडी घालून परत पिशवीत ठेवल्या. त्या आपण का जपून ठेवल्या आहेत, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. त्या जपण्याचे काम त्याचे नव्हते. ते ज्यांचे होते त्यांनी आता ते हाती घ्यावे.